बैरूत विमानतळावरील रिकाम्या रायफली : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

यादवीत सापडलेल्या लेबनॉनमधील बैरूतच्या विमानतळावर १९८२ ते १९८४ या काळात तैनात असलेल्या अमेरिकी मरीन्सविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे आहे की, २३ ऑक्टोबर १९८३ रोजी तिथल्या मुख्यालयावर झालेल्या ट्रकबॉम्बच्या हल्ल्यात २४१ अमेरिकी सैनिक मारले गेले ते पहारेकऱ्यांच्या रायफलींत गोळ्या भरू दिल्या नव्हत्या म्हणून. मी मात्र हे सरळ कारण सोडून डोंगर, रस्ते आणि राजकारण यांचाच विस्तार केला, आणि त्यामुळे त्या पहारेकऱ्यांवर अन्याय झाला. शेवटी आपण मालदीवच्या हुलहुले विमानतळाचा दाखला देऊन विचारले आहे की, १९८८ मध्ये मालदीवमध्ये भारतीय छत्रीधारी सैनिकांना एका रात्रीत जे जमले, ते मरीन्सना सतरा महिन्यांत का जमले नाही.

रायफलींबद्दल आपण दिलेली माहिती बरोबर आहे आणि ती संतापजनकही आहे. प्रत्येक मरीनच्या खिशात नियमांचे एक पांढरे कार्ड असे. पहाऱ्यावर असताना मॅगझिन (गोळ्यांची पेटी) रायफलीला लावलेले असावे, पण चेंबरमध्ये, म्हणजे गोळी झाडण्याच्या खोबणीत, गोळी नसावी, आणि तत्काळ स्वसंरक्षणाचा प्रसंग सोडला तर अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय ती भरू नये, असे त्यावर बजावले होते. तळाच्या आतल्या चौक्यांवर तर मॅगझिनही काढून ठेवण्याचा आदेश होता, कारण चुकून गोळी सुटण्याची भीती वरिष्ठांना अधिक वाटत होती. १८ एप्रिल १९८३ रोजी बैरूतमधील अमेरिकी वकिलातीवर स्फोटकांनी भरलेले वाहन आदळून ६३ माणसे मेली, त्यानंतर वकिलातीच्या पहाऱ्यासाठी अधिक मोकळीक देणारे निळे कार्ड काढण्यात आले. विमानतळावर मात्र पांढरेच कार्ड चालू राहिले. एकाच तुकडीतील जवानांना शहराच्या एका टोकाला एक नियम आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, ही व्यवस्था कोणत्याही निकषावर समर्थनीय नव्हती. निवृत्त ॲडमिरल रॉबर्ट लाँग यांच्या चौकशी आयोगानेही डिसेंबर १९८३ च्या अहवालात या नियमांमुळे जवानांची सावधता कमी झाल्याचे म्हटले. इथपर्यंत आपल्यात मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे रायफली भरलेल्या असत्या तर अनर्थ टळला असता या निष्कर्षावर. त्या रविवारी सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी पिवळा मर्सिडीज ट्रक मुख्यालयाच्या दक्षिणेकडील सार्वजनिक वाहनतळात शिरला, त्याने तिथे एक फेरी मारली, वेग घेतला, काटेरी तारांची वेटोळी चिरडली आणि दोन चौक्यांच्या मधून तो थेट इमारतीच्या दर्शनी दालनात घुसला. एका पहारेकऱ्याने मॅगझिन लावून गोळी चेंबरमध्ये घेतली, तोपर्यंत ट्रक आत पोहोचला होता. रायफल आधीच भरलेली असती तर कदाचित चालकाला गोळी लागली असती, हे मी नाकारत नाही. परंतु ट्रकमधील स्फोटकांची ताकद आयोगाच्या अंदाजानुसार १२,००० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेपाच हजार किलो टीएनटीइतकी होती, आणि हा ट्रक आत न शिरता ३३० फुटांवरील रस्त्यावरच फुटला असता तरीही इमारतीची मोठी हानी आणि मोठी जीवितहानी बहुधा झाली असती, असे त्याच अहवालात नोंदवलेले आहे. म्हणून प्रश्न असा उरतो की, इतक्या मोठ्या वाहनाला इमारतीपासून शंभर मीटरपर्यंत येण्याची मुभा का होती आणि त्या एका इमारतीत सुमारे साडेतीनशे माणसे का ठेवली होती. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे रायफलीत सापडत नाहीत, आणि ज्याला आपण विस्तार म्हणता तो याच उत्तरांसाठी केलेला होता.

बैरूतचा विमानतळ समुद्राला लागून असलेल्या सपाट पट्टीवर आहे. उत्तरेला बुर्ज अल-बराजनेसारख्या दाट वस्त्या आहेत आणि पूर्वेला जमीन चढत जाऊन शूफच्या डोंगरांना मिळते. त्या उंचीवर ज्याच्या तोफा, त्याच्या हातात धावपट्टी. हे कळायला लष्करी शिक्षणाचीही गरज नाही. विमानतळ राखायचा असेल तर आधी भोवतालचा चढ ताब्यात घ्यावा लागतो. २९ सप्टेंबर १९८२ रोजी सुमारे १२०० मरीन्स उतरले तेव्हा त्यांनी तो घेतला नाही, याचे कारण गाफीलपणा नव्हे. डोंगरांत लेबनॉनमध्ये घुसलेले इस्रायली सैन्य होते आणि पायथ्याचा जुना सिदोन रस्ता हा त्या सैन्याचा रसदीचा मार्ग होता. मरीन्स तिथे चढून बसले असते तर ते इस्रायलच्या रसदीवर पहारा देत आहेत, असाच अर्थ लेबनॉनमधील प्रत्येक गटाने काढला असता. बैरूतमधील साब्रा आणि शतिला येथे इस्रायलच्या मित्र सशस्त्र गटाने केलेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाला तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या काळजीचे वजन कळते. आपण तटस्थ आहोत हे दिसत राहावे यासाठी मरीन्स किती जपत होते, याचे एक उदाहरण लेखात देता आले नव्हते: फेब्रुवारी १९८३ मध्ये लेबनीज विद्यापीठाजवळ इस्रायली रणगाडे पुढे सरकू लागले, तेव्हा एका मरीन कॅप्टनने पिस्तूल हातात घेऊन त्यांची वाट अडवली होती.

शिवाय त्यांना दिलेले काम विमानतळ लढवण्याचे नव्हतेच. लेबनॉनच्या सैन्याला बैरूत परिसरात आपली जबाबदारी पार पाडता येईल असे वातावरण निर्माण करणे, हे ते काम होते, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ डोळ्यांना दिसेल असे तिथे असणे एवढाच होता. विमानतळ नागरी वाहतुकीसाठी चालू राहणे हे लेबनीज सरकार जिवंत असल्याचे लक्षण मानले जाई, त्यामुळे प्रवासी, मालवाहू गाड्या आणि कर्मचारी यांची ये-जा रोखता येत नव्हती. ज्या वाहनतळातून तो ट्रक आला, तो या अटीमुळेच खुला होता.

या सगळ्या व्यवस्थेचा एकच आधार होता, तो म्हणजे मरीन्स कोणाच्याही बाजूने लढत नाहीत हा समज, आणि तो समज वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने मोडला. सप्टेंबर १९८३ च्या आरंभी इस्रायली सैन्य शूफमधून माघार घेऊन अवाली नदीपलीकडे गेले आणि मोकळ्या झालेल्या डोंगरांत द्रूझ या स्थानिक धार्मिक पंथाचे लढवय्ये, त्यांचे सहकारी गट आणि लेबनीज सैन्य यांच्यात युद्ध पेटले. सूक अल-गर्ब या डोंगरावरील गावात लेबनीज सैन्याची तुकडी अडचणीत आली, तेव्हा अमेरिकी युद्धनौकांनी तिच्या मदतीला तोफा डागाव्यात असा आग्रह अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे दूत रॉबर्ट मॅकफार्लेन यांच्या बाजूने होऊ लागला. विमानतळावरील मरीन्सचे प्रमुख कर्नल टिमोथी गेराटी यांनी त्याला काही दिवस विरोध केला, कारण याची किंमत विमानतळावरील आपल्याच माणसांना मोजावी लागेल, हे त्यांना दिसत होते. ही गोष्ट त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलेली आहे. १९ सप्टेंबर रोजी अखेर त्यांनी संमती दिली आणि नौकांवरून शेकडो गोळे डोंगरांवर पडले. त्या दिवसानंतर मरीन्स लेबनॉनच्या यादवीतील एक पक्ष झाले, परंतु त्यांची जागा, त्यांची कार्डे आणि त्यांचा खुला वाहनतळ हे सारे तटस्थ माणसांसाठी आखलेलेच राहिले. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि तो मी पुन्हा ठामपणे मांडतो.

इमारतीतील गर्दीचे कारणही याच घटनाक्रमात आहे. डोंगरांतून गोळे येऊ लागल्यावर माणसांना सुरक्षित ठेवायला जागा हवी होती, आणि पोलाद व काँक्रीटची ती चार मजली इमारत आधीच्या तोफमाऱ्यात टिकलेली होती. तोफेपासून वाचवण्यासाठी एका छताखाली आणलेली माणसे बॉम्बच्या एका आघाताच्या टप्प्यात आली. आयोगाने या निर्णयाबद्दल स्थानिक अधिकाऱ्यांना दोषी धरले, आणि मे महिन्यापासून वाहनबॉम्बच्या धोक्याच्या शंभराहून अधिक सूचना आलेल्या असताना तो दोष पूर्णपणे पुसता येणार नाही. मात्र त्या सूचनांमध्ये नेमका वेळ आणि ठिकाण यांविषयी उपयोगी पडेल असे काही नव्हते, हेही आयोगानेच मान्य केले आहे.

आता हुलहुले. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ब्रिगेडियर फारूख बलसारा यांच्या नेतृत्वाखाली आग्र्याहून निघालेल्या छत्रीधारी सैनिकांनी जे केले त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो विमानतळ स्वतंत्र बेटावर आहे, तो सत्ता उलथवू पाहणाऱ्या हल्लेखोरांच्या ताब्यात नव्हता, मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी स्वतः मदत मागितली होती आणि राजधानी मालेत पोहोचून त्यांना सोडवणे एवढे एकच निश्चित काम समोर होते. तिथे विमानतळ केवळ उतरण्यापुरता लागला; त्यावर बसून कोणाचे राज्य सावरायचे नव्हते. तुलना करायचीच असेल तर श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेची करावी: जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर ती पलाली विमानतळावर उतरली ती तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेण्यासाठी, आणि ऑक्टोबरमध्ये तिला त्यांच्याशीच जाफना शहरासाठी लढावे लागले.

निर्धार आणि कुवत यांच्याविषयी आपल्या मनात शंका असेल तर बाविसाव्या मरीन तुकडीकडे पाहावे. ती बैरूतकडेच निघाली होती, पण वाटेत तिला कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या बेटाकडे वळवले गेले आणि बैरूतच्या स्फोटानंतर दोनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला पहाटे, तिने हेलिकॉप्टरांतून उतरून पर्ल्स विमानतळ किरकोळ प्रतिकार मोडून ताब्यात घेतला. नोव्हेंबरमध्ये तीच तुकडी बैरूतच्या विमानतळावर पोहोचली. तोवर बंदोबस्त वाढला होता, जवान खंदकांत आणि भुयारी आश्रयस्थानांत राहू लागले होते आणि बरीच माणसे जहाजांवर हलवली गेली होती. तरीही ४ डिसेंबरला डोंगरांतून झालेल्या माऱ्यात तिचे आठ मरीन्स ठार झाले. फेब्रुवारीत पश्चिम बैरूतमधील लेबनीज सैन्य कोसळले आणि २६ फेब्रुवारी १९८४ रोजी शेवटचे मरीन्स विमानतळ सोडून जहाजांवर गेले. तीच तुकडी, तोच निर्धार, भरलेल्या रायफली. बदलले होते ते ठिकाण आणि काम.

राहिला पहारेकऱ्यांवरील अन्यायाचा मुद्दा, जो मला सर्वांत अधिक लागला. त्या सकाळी चौकीवर असलेल्या जवानांनी दिलेला आदेश पाळला आणि हाती असलेल्या काही सेकंदांत जे शक्य होते ते केले. लाँग आयोगाने दोष अधिकाऱ्यांच्या साखळीवर ठेवला आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दोष असेल तर तो आपल्याकडे येतो असे जाहीर केले. सगळे रिकाम्या रायफलीमुळे घडले असे म्हटले की, नकळत पुन्हा चौकीवरचा माणूसच त्या घटनेच्या मध्यभागी उभा राहतो, आणि सूक अल-गर्बवर तोफा डागण्याचा आग्रह धरणारे चौकशीच्या कक्षेबाहेर जातात. म्हणूनच लेखातील तो भाग मी आहे तसाच ठेवतो आहे. दोन कार्डांची हकिगत आणि ३३० फुटांचा निष्कर्ष मात्र आपल्या आग्रहामुळे त्यात जोडत आहे.