कीरांच्या कामाचे मोठेपण

चरित्रकार धनंजय कीर यांच्यावरील प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांच्या चरित्रग्रंथांची यादी आली आहे, परंतु ते ग्रंथ ज्या काळात लिहिले गेले त्याचा विचारही व्हायला हवा होता, असे मला वाटते. गांधीहत्येच्या खटल्यातून सावरकर १९४९ साली निर्दोष सुटले आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्याविषयी चार चांगले शब्द जाहीरपणे बोलणेही अवघड असताना, कीरांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर १९५४ मध्ये आंबेडकरांचे चरित्र आले, तेही बाबासाहेब हयात असताना, म्हणजे धर्मांतराच्या दोन वर्षे आधी. पुढल्या आवृत्तीत कीरांना शेवटची प्रकरणे जोडावी लागली. रत्नागिरीत जन्मलेल्या आणि मुंबई महापालिकेत नोकरी करणाऱ्या या माणसाने टिळक, फुले, गांधी आणि शाहू महाराज यांचीही चरित्रे लिहिली. परस्परांशी तीव्र मतभेद असलेल्या या माणसांना एकाच लेखकाने इतक्या आस्थेने समजून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला मराठी मुलखात दिसत नाही. त्यांच्या लेखनात भक्तिभाव काही ठिकाणी टीकेवर मात करतो, हे मान्य आहे. तथापि आंबेडकरांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांना आजही त्यांचा ग्रंथ हाताशी ठेवावाच लागतो. १९७१ च्या पद्मभूषणाइतकाच हाही त्यांचा गौरव आहे.