थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापायची थांबली, म्हणजे तो नकोच होता का?

नमस्कार. गाडी तापण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा आहे: आंबा घाट चढताना गाडी तापायची. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी भरलं आणि वर्षभर तापमानाचा काटा वर गेला नाही. मग कोकणच्या उकाड्यात थर्मोस्टॅट हवा कशाला, आणि कूलंटचा खर्च लोकांच्या माथी का मारता?

काटा खाली आला हे मान्यच. पण त्यावरून एवढंच कळतं की तुमचा थर्मोस्टॅट बहुधा बंद स्थितीत अडकला होता. अडकलेलं दार काढलं, वाट मोकळी झाली. तिथे नवं दार बसवायचं राहून गेलं. जुना थर्मोस्टॅट अजून असेल तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस लावा. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. थर्मामीटर त्या आकड्याजवळ आला की झडप हलायला लागते आणि पाणी खळखळेपर्यंत साधारण 8 ते 10 मिलिमीटर उघडते. जागची हललीच नाही, तर दोषी सापडला.

काढून टाकण्यात खरा धोका बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परतणाऱ्या वाटेचा आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. रेडिएटरकडची वरची वाट उघडते तशी ही चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ते तोंड कायम उघडं राहतं, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनात शिरतो. सपाटीवर हे जाणवत नाही. माणसं, सामान भरून, एसी लावून घाट चढताना जाणवतं. शिवाय इंजिन गार राहिलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते वेगळंच.

आता पाणी. नुसतं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हे खरं आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, पाण्यात ती नसतात. त्यातून खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्यातलं मीठ ॲल्युमिनियमला आतून भोकं पाडतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा. रेडिएटरचं झाकणही बघा. 0.9 बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलेलं असेल तर 100 लाच. तपासायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

गाडी कुठे तापते, यावरून निम्मं निदान होतं. गणपतीत माणगावच्या कोंडीत तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरते, तर फॅन बघा: गाडी उभी ठेवून एसी लावा, फॅन फिरलाच पाहिजे. (किल्ली काढली तरी काही गाड्यांत तो अचानक सुरू होतो, हात लांब ठेवा.) साखरप्याहून आंबा घाट चढताना तापते, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. मात्र ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असाल तर तिथेही फॅनच तपासा, कारण वारा नसतो. गार इंजिन चालू केल्यावर झाकणाशी बुडबुडे येत राहिले आणि पाणी कमी होत गेलं, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांमधल्या सीलचा) संशय घ्या. तिथे थर्मोस्टॅट असो वा नसो, फरक पडत नाही.

एका बाबतीत मात्र तुमची टीका पटली: मूळ लेखात खाऱ्या हवेबद्दल काहीच नव्हतं. गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असेल किंवा पुळणीवर नेत असाल, तर रेडिएटरच्या फिनवर (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवर) बोट हलकेच दाबून बघा. खारावलेल्या फिनची पांढरट भुकटी बोटाला लागते. नळ्या शाबूत असतात, पाणी गळत नाही, पण उष्णता बाहेर टाकायला फिनच उरत नाहीत. असा रेडिएटर धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. अजून शाबूत असेल तर गोड्या पाण्याने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूने बाहेर धुवा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत जांभ्याची लाल धूळ थापून बसते, ती समोरून दिसतही नाही. हा भाग आजच लेखात घालतो.