टाकीत टाकतात तेच नदीत टाकलं तर काय बिघडलं?

पहिला पाऊस पडला की आमच्या महाड तालुक्यात वलगणीच्या, म्हणजे अंडी घालायला ओढ्यांतून वर शेतात चढणाऱ्या, माशांच्या गप्पा सुरू होतात आणि त्यांच्यासोबत तो मेसेजही उगवतो, 'नदीतली मासेमारी: शहाण्यांचे गैरसमज'. यंदा तो भाच्याने पाठवला. खाली प्रश्न: "मामा, ब्लिचिंगची ५ किलोची पिशवी कुठे मिळेल?" म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो, मासे पकडायला नदीत ब्लिचिंग पावडर टाकायला हरकत नाही; ती पिण्याच्या टाकीत टाकतात, म्हणजे ती विष नाही. नदीत टाकली तर पाणी उलट शुद्ध होतं आणि मासे फक्त गुंगतात.

हिशेब करू. पिण्याच्या पाण्यासाठी १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. १० मीटर लांब, तितकाच रुंद आणि कमरेएवढा डोह धरा. १ लाख लिटर. त्याला २५० ग्रॅम पुरते. तुम्ही ओतता ५ किलो, म्हणजे वीसपट! आणि या पावडरीतून सुटणारा क्लोरीन पिण्यापुरता असला तरी माशाला सोसत नाही. घरात माशांची काचपेटी असलेल्या कुणालाही विचारा, नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवल्याशिवाय तो पेटीत ओततो का ते. मासा गुंगत नाही हो. त्याचे कल्ले जळतात, म्हणून तो वर येऊन तोंड वासतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीखालच्या कोंडीवर, म्हणजे नदीतल्या डोहावर, सकाळी गेलो होतो. मोठे मासे रात्रीच नेलेले. काठच्या दगडांना बोटाएवढी पिल्लं, झिंगे, नखाएवढे खेकडे पांढरे पडून चिकटलेले. ते कुणी नेत नाही, कारण ते कालवणात घालण्याजोगं नसतं.

कायदाही काही आजचा नाही. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याचं कलम ५ पाहा: मासे मारण्यासाठी पाण्यात विष, चुना किंवा घातक पदार्थ टाकणं गुन्हा. साधा चुनासुद्धा! सुरुंग उडवून मासे मारण्यासाठी त्याच्या आधीचं कलम ४.

'आदिवासी पूर्वीपासून मासे धरायला गेळाची (एका रानझाडाची) फळं ठेचून टाकतात' हे मेसेजमधलं म्हणणं मात्र खरं, मान्य. पण ते उन्हाळ्यात आटत आलेल्या डबक्यात, मूठ-दोन मुठी. वाहत्या नदीत पोतं रिकामं करणाऱ्याने त्यांची ढाल पुढे करू नये.

विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात वायर सोडण्याबद्दल मेसेजमध्ये 'हातमोजे घालावेत' अशी सूचना आहे. यावर काय बोलणार?

मेसेज पुढे म्हणतो, '१ जूनची मासेमारीबंदी समुद्रातल्या बोटींना, नदीला नाही.' बरोबर. पण वलगणीला चढणारी मादी पोटात गाभोळी (अंडी) घेऊन शेताकडे निघालेली असते. गळ टाका, पाग (हाताने फेकायचं जाळं) टाका, दोन वेळच्या कालवणापुरते न्या. ओढ्याच्या तोंडाला आडवी मच्छरदाणी बांधलीत तर पुढच्या वर्षी वर चढायला उरणार कोण?

शेवटचा मुद्दा तर कहर आहे. 'मासे कधी संपत नाहीत, वाळणकोंडीत जाऊन बघा.' अहो, काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात. लोक कुरमुरे टाकतात, मासे झुंडीने वर येतात, आणि पकडत कुणीच नाही. म्हणून तर ते तिथे आहेत!

बाळा, रविवारी ये. पाग माझ्याकडे आहे. पिशवी आणू नकोस.