आमच्या स्विमिंग पूलला गंज लागलाय, आणि कुणालाच वाईट वाटत नाहीये

छत गळतंय म्हटलं की लोक हळहळतात, गाडी बंद पडली तर अनोळखी माणूससुद्धा धक्का मारायला येतो. पण घरच्या स्विमिंग पूलला गंज लागलाय असं कुणाला सांगून बघा एकदा. माझा मेहुणा शांतपणे म्हणाला, "अरेरे, मग आता आंघोळ कुठे करता?" तेव्हापासून मी हे दुःख एकट्यानेच गिळतोय.

सुरुवात झाली ती पायरीजवळच्या एका तपकिरी ठिपक्यापासून. पानाबिनाचा डाग असता तर क्लोरीनने फिकट झाला असता, पण हा क्लोरीन टाकल्यावर आणखीच खुलला, म्हणजे लोखंडच. खात्री करायची पद्धत तर अशी आहे की शेजाऱ्यांनी बघू नये. व्हिटॅमिन सीची गोळी घ्यायची आणि डागावर चोळत बसायचं, डाग विरला तर तो लोखंडाचा, कारण त्या गोळीतलं एस्कॉर्बिक आम्ल गंजाला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं. तर मी गुडघाभर पाण्यात वाकून पायरीला गोळ्या चोळतोय आणि वरून आई विचारतेय, "अरे, सर्दी तुला झालीय की पूलला?"

डाग गेला. घरात आनंदीआनंद. मग पाण्यातलं क्लोरीन परत नेहमीच्या पातळीवर आलं आणि डाग त्याच जागी, त्याच आकारात हजर. जागा सोडत नाही म्हणजे गंज पाण्यातून आलेला नाही, तो आतून येतोय.

मग मिस्त्री आले. त्यांनी हातोडीने टकटक करत, कान लावून सगळी भिंत ऐकली, एका जागी आवाज पोकळ आला तसे माझ्याकडे असे बघितले की मला घरच्यांना बोलवावंसं वाटलं. "सळई वर आलीय साहेब. बांधताना कव्हर ब्लॉक नीट लावले नसणार." कव्हर ब्लॉक म्हणजे सळई काँक्रीटच्या पुरेशी आत राहावी म्हणून तिला लावायचे छोटे ठोकळे. आता हे ज्यांनी लावायचे होते ते कधीच निघून गेले. काँक्रीटचा पीएच (म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) १२-१३ असतो, तेवढ्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहते. वरचं काँक्रीट कमी पडलं की पाणी आणि त्यातले क्लोराइड (मिठासारखे क्षार) आत पोचतात, थर फुटतो, आणि मग खरा तमाशा. गंज मूळ लोखंडाच्या सहापटीपर्यंत जागा घेऊ शकतो, म्हणजे एका खोलीचं भाडं भरून सहा खोल्या मागणारा भाडेकरूच, तो भिंत फोडणार नाही तर काय करणार.

म्हटलं, पाणी काढा आणि फोडा. तर म्हणे थांबा, आधी जमिनीखालचं पाणी बघू. पूल रिकामा केला आणि खाली पाण्याची पातळी वर असली तर अख्खा पूल जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. हे आईने ऐकलं. त्या रात्री ती दोनदा उठून खिडकीतून बघून आली, पूल अजून जागेवर आहे ना म्हणून.

शेजारच्या स्पाचं, म्हणजे गरम पाण्याच्या छोट्या हौदाचं, तर विचारूच नका. पाणी ३८-४० अंशांवर, त्यात बुडबुडे. बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो, मग तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणायला अॅसिड टाका, अॅसिड जास्त झालं की हीटरमधलं तांबं आणि धरायच्या दांड्यांचे स्क्रू कुरतडले जातात, मग परत उलटं औषध. आमच्या स्पाची दांडी स्टेनलेस स्टीलचीच आहे, तरी तिच्या बुडाशी चहा सांडल्यासारखे डाग. मिस्त्री म्हणाले ही ३०४ नंबरच्या स्टीलची आहे, इथे ३१६ नंबरची लागते, तिच्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ती क्लोराइडला जास्त टिकते. टिकते, बरं का, अमर नाही.

फोडकामाबद्दल एवढंच सांगतो की नाण्याएवढ्या डागासाठी परातीएवढा खड्डा होतो, कारण स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत थांबायचं नाही. गंजलेला तुकडा ग्राइंडरने आत खोलवर कापला, खड्डा हायड्रॉलिक सिमेंटने भरला (ते मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे त्या वेळात मिस्त्रींना चहा विचारणाऱ्याला ते जे बोलले ते इथे लिहीत नाही) आणि वरून प्लास्टर. रंग जुळणार का विचारलं, तर म्हणाले "पाणी भरल्यावर कळणार नाही." कळतं. पलीकडच्या गच्चीवरून कळतं.

आता नव्या प्लास्टरला रोज ब्रश मारायचा असतो, आणि तो नायलॉनचाच, तारेच्या ब्रशची तुटलेली तार तळाशी राहिली की तिचाच नवा गंज. हे काम सासऱ्यांनी स्वतःहून उचललंय. सकाळ-संध्याकाळ ब्रश, नंतर टेस्ट किट घेऊन काठावर बसतात आणि पीएच ओरडून सांगतात. मुलं पाण्यात उतरायला गेली तर म्हणतात, "नाही, आज ७.९ आहे." मेहुणा काल पोहायचे कपडे घेऊन आला होता, त्यालाही परत पाठवला.