कुपीवरचा आकडा कुठल्या सापाचा?

मेलबर्नमधून पाहताना गावाकडचा सर्पदंशाचा वाद दोनच प्रश्नांवर अडकलेला दिसतो. आरोग्य केंद्रात एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, होतं का? आणि वीस कुप्या देऊनही गुण का आला नाही? त्या कुपीची ताकद कुठल्या सापाच्या विषावर मोजली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

भारतीय मानकानुसार १ मिलि एएसव्हीने नाग आणि घोणशीचं ०.६ मिग्रॅ, तर मण्यार आणि फुरशाचं ०.४५ मिग्रॅ विष मारायला हवं. म्हणजे १० मिलिच्या कुपीत घोणशीचं ६ मिग्रॅ विष निपटतं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिग्रॅ सोडते असं धरतात, म्हणून सुरुवातच ८-१० कुप्यांनी.

मोजणी उंदरांवर होते, प्रत्येकी १८-२० ग्रॅमच्या. निम्मे उंदीर मरतील ती विषाची मात्रा म्हणजे एलडी-५०. तिच्या पाचपट विष प्रत्येक नळीत घ्यायचं, एएसव्ही कमी-जास्त घालायचं, सलाइनने सगळ्या नळ्या सारख्या भरायच्या, ३७ अंशांना अर्धा तास ठेवायच्या, शेपटीच्या शिरेतून टोचायचं आणि २४ तासांनी जिवंत उंदीर मोजायचे. इथे घोटाळे होतात ते बारीकसारीक. विरघळवलेलं विष पुन्हापुन्हा गोठवलं-वितळवलं की मंदावतं. एलडी-५० जुनीच धरली तर एएसव्ही फुकट जोरदार ठरतं.

हिशेबातही मेख आहे. समजा एलडी-५० आहे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे नळीत ५० मायक्रोग्रॅम विष, आणि ४० मायक्रोलिटर एएसव्हीने निम्मे उंदीर वाचले. ५० भागिले ४०, ताकद १.२५ मिग्रॅ प्रति मिलि. पण निम्मे मेले, म्हणजे एक एलडी-५० विष मोकळंच होतं. ते वजा केलं की उत्तर येतं १. उंदीर तेच, आकडा पाव भागाने वेगळा.

शिवाय नळीत विष आणि औषध आधीच एकत्र असतात. रुग्णाच्या अंगात विष तासभर पुढे गेलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात कुपी युनिटांत भरतात. १ युनिट म्हणजे ०.०१ मिग्रॅ विष मारण्याइतकं औषध. ब्राउन स्नेकची कुपी १,००० युनिटांची, टायगर स्नेकची ३,०००. बॅच बदलली की द्रवाचं माप बदलतं, युनिट नाही. इथलंही सगळंच गोड नाही म्हणा: ब्राउन स्नेकला वर्षानुवर्षं अनेक कुप्या दिल्या, मग अभ्यासात एकच पुरते असं दिसलं.

महाराष्ट्राचं वेगळं एएसव्ही हवं, ही मागणी चुकीची नाही, पण घोड्यांना विष टोचून प्रतिपिंडं तयार व्हायला महिने लागतात. चाचणी त्याआधी होऊ शकते. भारतातल्या एएसव्हीसाठीचं विष बराच काळ मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला या साप पकडणाऱ्या आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून आलं, आणि साप तोच असला तरी विष प्रदेशागणिक बदलतं. वन खात्याच्या परवानगीने कोकणातल्या फुरशाचं आणि विदर्भातल्या घोणशीचं विष काढून बाजारातल्या बॅच त्यावर तपासाव्यात. निकालाशेजारी विषाचा जिल्हा आणि एक एलडी-५० वजा केली की नाही, हे छापावं.