वापसी म्हणजे परतावा नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एक जळगावच्या वेब डेव्हलपरांचा, एक कॉलेजच्या बॅचचा, एक धुळे-नंदुरबारकडच्या फ्रीलान्सरांचा आणि चौथा चक्क भावकीचा. तिथे तो एका लग्नपत्रिकेच्या आणि कपाशीच्या भावाच्या मधोमध पडला होता. मथळा असा: ‘एआयला नियम शिकवू नका, काम सांगा.’ मेसेज लांबलचक आहे, पण दावे पाचच. एआयने जगभरचा कोड वाचलाय, त्याला चांगलं-वाईट तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कोडिंगचे संकेत, म्हणजे कोड कसा लिहायचा याचे ठरलेले नियम, माणसाच्या डोळ्यांसाठी होते, आता कोड माणूस वाचणारच नाही. लिहायचंच असेल तर ‘सीनियर डेव्हलपरसारखा कोड लिही’ ही एक ओळ पुरे. नियमांची फाइल, म्हणजे एआयला प्रत्येक वेळी कामाआधी वाचायला दिलेल्या सूचना, टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) खाते, म्हणजे पैसे खाते. आणि शेवटचा: हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आपल्यासारख्या दोन-तीन जणांच्या दुकानाला त्याची गरज नाही.

वाचताना पटतं. मागच्या वर्षी हे मीही बोललो असतो. आम्ही तिघं जळगावात बसून रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी एक वेब अ‍ॅप्लिकेशन चालवतो: काट्याची पावती, शेतकऱ्याचा हिशेब, गाडीचं भाडं, रोजचा भाव. कोड लिहायला एआय सहाय्यक असतो, रोज असतो. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार या मेसेजबद्दल आहे.

‘जगभरचा कोड वाचलाय’ हे खरं आहे, आणि पंचाईत तिथेच आहे.

केळीच्या बाजारात भाव तीन नावांनी निघतात. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे त्याच झाडाच्या पिलावर घेतलेलं पुढचं पीक, आणि वापसी म्हणजे हलक्या प्रतीचा माल. रावेरच्या पोरासोरांना हे माहीत असतं. आम्ही सहाय्यकाला सांगितलं, भावाच्या पानावर वापसीही घे. त्याने ‘वापसी’चा अर्थ लावला ‘परत आलेला माल’. मग त्याला शोभेल असं सगळं केलं: परताव्याचं वेगळं टेबल, क्रेडिट नोट, शेतकऱ्याच्या खात्यात ‘परतावा’ नावाचा रकाना आणि त्यातून आपोआप वजा होणारी रक्कम. कोड सुबक होता. कोड तपासणाऱ्या टेस्टसुद्धा होत्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. का नसाव्यात? टेस्ट त्यानेच, त्याच गैरसमजावर लिहिल्या होत्या. आमचा एक सहकारी अमळनेरचा आहे. बदल तपासता तपासता तो खुर्चीतून उठलाच: ‘आरे भो, वापसी म्हंजे परत नही शे!’ तो तिथे नसता, तर दुसऱ्या दिवशी हलका माल विकलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं खातं उणे झालं असतं.

ही सहाय्यकाची अक्कल कमी असल्याची गोष्ट नाही. जगभरच्या कोडमध्ये ‘रिटर्न’ नावाची टेबलं ढिगाने आहेत आणि वापसी केळी कुठेच नाही. जे त्याने वाचलंय त्याच्या सरासरीकडे तो झुकणार. आमच्या नियमांच्या फाइलमध्ये आज सगळ्यात वर इंडेंटेशन (ओळी किती आत सरकवायच्या ते) नाही, शब्दकोश आहे: नवती, पिलबाग, वापसी, कट्टी (वजनातली कपात), गाडी. प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत, आणि खाली एक हुकूम: या शब्दांचं इंग्रजीत भाषांतर करायचं नाही, कोडमध्येही रोमन अक्षरांत हेच शब्द येतील.

दुसरं उदाहरण वेळेचं. मे महिन्यात इकडे उन्हाच्या आत कापणी उरकायची म्हणून माणसं अंधारात बागेत शिरतात, आणि पहिली पावती कधी कधी चारलाच फाटते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आजची तारीख काढायची एक सोपी, सर्रास दिसणारी रीत आहे: वेळेचं आयएसओ रूप (वर्ष-महिना-दिवस आणि मग वेळ) घ्यायचं आणि त्याची पहिली दहा अक्षरं कापून ठेवायची. ते रूप मात्र यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात फाटलेल्या प्रत्येक पावतीवर कालची तारीख पडते. चारच्या पावतीच्या वेळी यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. अकरा ते सात ऑफिस चालवणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही. केळीवाल्याला रोज दिसते, कारण भाव तारखेवर ठरतो. सहाय्यकाने ही रीत आमच्याकडे तीनदा लिहिली. दोनदा आम्ही हाताने दुरुस्त केली आणि तिसऱ्यांदा नियम लिहिला.

तिसरं उदाहरण मराठीचंच आहे, आणि ते मला सगळ्यात आवडतं. वऱ्हाडे हे आडनाव घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, आणि युनिकोड या अक्षरांच्या जागतिक पद्धतीचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. त्यामुळे एका कीबोर्डवरून नोंदवलेला शेतकरी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की सापडत नाही. सहाय्यकाला सांगितलं, शोध दुरुस्त कर. त्याने जगात चांगली सवय मानली जाणारी गोष्ट केली: नावातली सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली. अदृश्य चिन्ह गेलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पावतीवर ‘वर्हाडे’ छापून आलं. व्यापारी म्हणाला, ‘दादा, शेतकरी पैशाचं एक वेळ उशिरा विचारेल, नावाचं लगेच विचारतो.’ आता नियम असा: साठवताना नाव जसं आलं तसं ठेवायचं, आणि शोधासाठी दोन्ही रूपं एकाच साच्यात आणणारा वेगळा रकाना करायचा.

आकड्यांचंही तसंच. पायथनला ‘१२’ दिलं तर तो बारा समजतो, जावास्क्रिप्ट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. ज्या माणसाचा कीबोर्ड मराठीवर आहे तो वजन मराठी आकड्यांतच भरणार. हे नियमात लिहिल्याशिवाय कोणत्याही मॉडेलने स्वतःहून धरलेलं मी पाहिलं नाही.

‘कोड आता माणूस वाचणार नाही.’ चला, मानू की नाही वाचणार. मग कोण वाचणार? पुढच्या वेळचा सहाय्यकच. कालचं संभाषण त्याला सहसा आपोआप आठवत नसतं. बहुतेक सत्रं तो कोऱ्या पाटीवर सुरू करतो आणि आजूबाजूचा कोड बघून आपली रीत ठरवतो. आमच्या अ‍ॅपमध्ये एके काळी पैसे तीन तऱ्हांनी साठवलेले होते: कुठे रुपये दशांशात, कुठे पूर्णांक पैशांत, कुठे सरळ मजकूर म्हणून. सहाय्यक ज्या फाइलशेजारी बसला तिची रीत उचलायचा. दशांशाची भानगड माहीत नसेल त्यांच्यासाठी: जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका पावतीत हे कळत नाही, महिन्याच्या खतावणीत कळतं, आणि मग रात्री अकराला फोन येतो. त्या वेळी कोड वाचणारा माणूस मीच असतो, मेसेज काहीही म्हणो. आता नियम एका ओळीचा आहे: पैसे पूर्णांक पैशांत, वजन पूर्णांक ग्रॅममध्ये, क्विंटल आणि रुपये फक्त दाखवताना.

याच दाव्याला आधार म्हणून मेसेजमध्ये ‘व्हाइब कोडिंग’चा जप आहे. हा शब्द एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरात आणला, आणि कोड आहे हेच विसरून जायचं, असं ते म्हणाले हेही खरं. पण ते बोलत होते शनिवार-रविवारी गंमत म्हणून करायच्या आणि मग फेकून द्यायच्या प्रयोगांबद्दल. मेसेजने तेवढं वाक्य नेमकं गाळलंय. ज्याच्यावर शेतकऱ्याला चेक निघतो तो हिशेब फेकून द्यायचा प्रयोग नसतो.

‘सीनियरसारखा लिही’ या तिसऱ्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. ही ओळ पाळली की मोडली, हे तपासता येत नाही, मग ती नियम कसली? ‘चुका नीट हाताळ’ हेही तसंच. त्याऐवजी ‘डेटाबेसला जाणारा प्रत्येक प्रश्न पॅरामीटर देऊन (बाहेरून आलेली माहिती प्रश्नापासून वेगळी ठेवून), मजकूर जोडून कधीही नाही’ असं लिहा. हे मोडलं तर बोट ठेवून दाखवता येतं. जमलं तर कारणही लिहा. कारण दिलेलं असलं की न लिहिलेल्या प्रसंगातही सहाय्यक बऱ्याचदा बरोबर वळतो. नव्या माणसाचंही तसंच होतं म्हणा.

चौथ्या दाव्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. फाइल प्रत्येक सत्रात वाचली जाते आणि तिची किंमत पडते. आमची फाइल एके काळी साडेतीनशे ओळींवर गेली होती. प्रत्येक चुकीनंतर चिडून आम्ही एक ओळ वाढवत होतो. शेवटी एवढ्या गर्दीत महत्त्वाचीच ओळ हरवायला लागली. साठ ओळींवर आणली तेव्हा फरक पडला. मात्र काय काढलं ते बघा. अवतरणचिन्हं कुठली, ओळ कुठे मोडायची, न वापरलेलं चल (व्हेरिएबल) राहू द्यायचं का, हे सगळं काढलं, कारण ते काम प्रेटियर आणि ईएसलिंट या कोड आपोआप मांडणाऱ्या आणि तपासणाऱ्या साधनांचं आहे. ईएसलिंट २०१३ पासून आहे, प्रेटियर २०१७ पासून. दोन्ही फुकट, दोन्ही विसरत नाहीत. यंत्राला तपासता येणारी गोष्ट विनंती म्हणून लिहायची नसते.

इथे नियमवाल्यांनाही एक टोला. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, फाइलमध्ये ‘जुनी पावती कधीही खोडू नको’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं की झालं. नाही झालं. फाइल ही सूचना आहे, कुलूप नाही. मॉडेल ती बहुतेक वेळा पाळतं, आणि एखादे वेळी पाळत नाही. पावती खोडली जाऊ नये असं खरंच वाटत असेल तर त्या डेटाबेस युजरला खोडायची परवानगीच देऊ नका. नवीन पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) घ्यायचं तर तेही माणसाच्या होकाराशिवाय नाही. सहाय्यक कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासाने सुचवतो, आणि अशी नावं आधीच हेरून त्यांवर घातक कोड टाकून ठेवणारे लोक आहेत.

पाचवा दावा, ‘छोट्या दुकानाला काय गरज’. याचा मला खरा राग आहे, कारण तो आपल्याच माणसांना उद्देशून आहे. मोठ्या कंपनीत एक जण गेला तर नऊ उरतात. आपल्याकडे पोरगा दोन वर्षं काम शिकतो आणि पुण्याची ऑफर आली की महिन्याभरात सामान बांधतो. जाऊ द्या, त्याचंही बरोबर आहे. पण वापसी म्हणजे काय, पहाटेची पावती कुठल्या तारखेची, कोणता व्यापारी दांड्याची कट्टी कशी धरतो, हे सगळं त्याच्याबरोबर पुण्याला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसला बसतं. आमच्याकडून असा एक जण गेला तेव्हा ही फाइल नव्हती. त्याला आठ महिने फोन करत होतो. शेवटी शेवटी तो उचलेनासा झाला.

शिवाय आमच्याकडे शेतकऱ्यांचे बँक खात्याचे आकडे असतात, आधार असतो. दुकान छोटं म्हणून ती माहिती छोटी होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशाच माहितीबद्दल आहे. आमच्या फाइलमधली एक ओळ म्हणूनच सहाय्यकासाठी कमी आणि आमच्या तिघांसाठी जास्त आहे: खरा डेटा सहाय्यकापुढे ठेवायचा नाही, चाचणीला बनावट शेतकरीच वापरायचे.

नियमांची फाइल कुठे ठेवायची असं विचारणाऱ्यांसाठी: २०२५ पासून बऱ्याच साधनांनी ‘एजंट्स डॉट एमडी’ हे एकच नाव मान्य केलंय. प्रकल्पाच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवा, कोडबरोबरच गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. साध्या मराठीत लिहिली तरी चालते, आमचा शब्दकोश मराठीतच आहे.

हा मेसेज बॅचच्या ग्रुपवर टाकणारा मित्र माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. परवा मी वाद घालत होतो तेव्हा तो म्हणाला, तुझी फाइल पाठव, बघतो काय एवढं आहे तिच्यात. मी म्हटलं, माझी फाइल केळीची, तुला काय उपयोग? तू फक्त एवढं बघ, तुझ्या कोडमध्ये खंडी किती किलोची धरली आहे. कापसाच्या व्यवहारात रुईची खंडी ३५६ किलोची, हे त्याला झोपेतही माहीत आहे, त्याचे वडील त्याच धंद्यात होते. पंधरा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं.

‘८०० लावलेत रे. वीस मणाची खंडी, चाळीस किलोचा मण.’