यंदाच्या चैत्रात घरट्यांकडे लेन्स वळवू नका

होळी झाली की माझ्या फीडवर घरट्यांचे फोटो यायला लागतात. चोची वासून बसलेली पिल्लं, अळी भरवणारी आई, लोंबत्या घरट्याच्या तोंडाशी पंख फडफडवणारी, फुलातला रस पिणाऱ्या इवल्याशा शिंजीरची मादी. खाली भरभरून लाईक आणि ‘लोकेशन प्लीज’. हे फोटो टाकणाऱ्या बऱ्याच जणांना मी ओळखते, त्यांच्यासोबत फिरलेही आहे. पक्ष्यांवर त्यांचा जीव आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही लिहितेय, कारण पुढचे तीन-चार महिने आपल्या माळांवर, ओढ्याकाठी, टेकड्यांवर कितीतरी पक्ष्यांची वीण चालणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हौसेसाठी घरट्याचा फोटो काढू नये. ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही आणि मोबाईलवर तर अजिबातच नाही, कारण त्यासाठी घरट्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं.

आणि गरज तरी काय आहे? फाल्गुन-चैत्रात पक्षी बघायला मिळत नाहीत अशी तक्रार कोणी करूच शकत नाही. काटेसावर, पळस, पांगारा. फुलायच्या वेळी ही तिन्ही झाडं जवळपास निष्पर्ण असतात, त्यामुळे फांदीवर बसलेला पक्षी लपत नाही. काटेसावरीच्या जाड लाल पाकळ्यांच्या पेल्यात रस साठलेला असतो आणि उजाडलं की तो प्यायला रीघ लागते. आधी बुलबुल, मग साळुंक्या, भांगपाडी मैना, कोतवाल. कोतवाल एरवी किडे टिपणारा, पण या दिवसांत तोही फुलात चोच बुडवतो आणि फुलावर घोंगावणाऱ्या माशाही सोडत नाही. शिंजीर एखादी फांदी आपलीच समजतो, दुसरा नर आला की त्याला पार पलीकडच्या बाभळीपर्यंत पिटाळून येतो. पोपट फूल देठापाशी चावतात, रस घेतात आणि उरलेलं खाली टाकतात, झाडाखाली लाल सडा पडतो तो बराचसा त्यांच्यामुळे. मधूनच टकाचोर येतो, हळद्या येतो, सातभाईंची टोळी कलकलाट करत येते.

आणि मग एकदम पळसमैनांचा थवा उतरतो. बाकीचे सगळे बाजूला होतात.

पळसमैनांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण वसंतात मला सगळ्यात जास्त ओढ त्यांची असते. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडच्या गवताळ मुलखांत त्यांची वीण होते, तिथे त्या नाकतोड्यांवर आणि टोळांवर पिल्लं वाढवतात. आपल्याकडे त्या पावसाळ्यातच उतरायला लागतात आणि एप्रिलमध्ये परत निघतात. थंडीत बघाल तर रंग मळकट दिसतो, कारण नव्या पिसांच्या कडा फिकट असतात. त्या कडा महिनोन्महिने झिजत राहतात आणि मार्चपर्यंत खालचा गुलाबी रंग आणि डोक्यावरचा तुकतुकीत काळा उघडा पडतो. नवं पीस न येता, नुसत्या झिजेने हा पक्षी देखणा होतो! त्यात कपाळावर परागांचा पिवळा लेप. परतीच्या प्रवासाआधीचे हे काही आठवडे त्यांच्या फोटोसाठी सर्वांत चांगले. शिंजीरसाठीही हेच दिवस. थंडीत नराच्या पिवळ्या गळ्यावर मधोमध एक काळसर रेघ तेवढी असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पुरता निळा-जांभळा होतो आणि मादीसमोर आला की खांद्याजवळचे केशरी-पिवळे तुरे उघडून दाखवतो. हे तुरे एरवी पंखाखाली झाकलेले असतात. ते दिसावेत म्हणून फुललेल्या पळसासमोर सकाळभर बसायची माझी तयारी असते.

नव्याने कॅमेरा घेतलेल्यांसाठी दोन-चार गोष्टी इथेच सांगते. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उजाडायच्या आत जाऊन बसा. पळसाचा केशरी सेन्सरला सहज झेपत नाही, लाल रंगाची नोंद (लाल चॅनल) पटकन मर्यादेबाहेर जाते, म्हणजे ‘फुटते’, आणि पाकळीवरचा मखमली पोत पुसला जातो. म्हणून मी एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं माप) खाली ठेवते आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंग वेगळा तपासते. त्याच फांदीवर कोतवाल बसला आणि मागे उजळ आकाश आलं की नेमकं उलटं, स्टॉपभर वर जावं लागतं, नाहीतर पक्ष्याच्या जागी नुसता काळा आकार उरतो. शिंजीरसाठी शटर १/१६०० सेकंदापेक्षा मंद नको, वाऱ्याने शेंडे हलत असतील तर आणखी वेगवान. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, हवा लहरायला लागते आणि लांबून काढलेल्या फोटोत पिसांच्या कडा विरघळतात. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही. तेव्हा कॅमेरा पिशवीत टाका आणि दुर्बिणीने बघत बसा.

या झाडाखाली बसण्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. फुलावर आलेल्या पक्ष्याला माझी अडचण झाली तर तो पलीकडच्या फांदीवर जातो, फार तर पलीकडच्या झाडावर. त्याचं काही बिघडत नाही. घरट्यावरच्या पक्ष्याला ही मोकळीक नसते. तो उठून गेला तर मागे अंडी आहेत, आणि नाही गेला तर तो आपल्याला भिऊन जागेवर बसून राहिलेला असतो. आपण त्या फोटोला ‘पोज दिली’ म्हणतो. तो निर्धास्त बसलाय की घाबरून, हे फोटोवरून कळत नाही.

आता माळाची गोष्ट. सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यातली माळरानं ही पुण्याकडच्या फोटोग्राफरांची आवडती जागा. धाविक, चंडोल, पखुर्डी, माळटिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. चंडोल सोडला तर घरटं म्हणावं असं काही नसतंच, मातीत किंचित खोलगट जागा आणि भोवती चार खडे. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, ठिपके मातीसारखे. मांजर, कोल्हा, कावळा यांना ती दिसू नयेत म्हणून हे सगळं, आणि जीपच्या चाकाखाली ती जातात तीही नेमकी त्यामुळेच. पक्ष्याच्या जवळ जायला गाडीवाट सोडून माळावर गाडी घालणं ही इथे आता नेहमीची गोष्ट झालीय. ‘गाडीला पक्षी घाबरत नाहीत’ असं एकमेकांना सांगितलं जातं. पक्षी घाबरत नसेलही, पण चाकाखाली काय आलं ते आत बसलेल्या कोणालाच कळत नाही.

मागे एकदा चालत माळ ओलांडताना एका मेंढपाळाने मला लांबूनच हात केला. “ताई, तिकडनं नका येऊ, टिटवी बसलीया. वळसा घालून या.” मी वळसा घालून त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, “मामा, मग तुमची मेंढरं नाही का तुडवत?” ते म्हणाले, “मेंढरू जवळ आलं की ती पंख उघडून म्होरं उभी ऱ्हाती, वरडती. मेंढरं आपसूक बाजूनं जात्यात. गाडीम्होरं काय करंल ती?”

यातलं पंख उघडून समोर उभं राहणं मी नंतर स्वतः बघितलं. कळपासमोर एवढासा पक्षी, आणि कळप खरोखर फाकतो. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, असं आपल्याकडे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. त्यासाठी अंडी कुठे आहेत ते बघायचं, पण हात लावायचा नाही आणि तिला उठवायचं नाही, ही शिस्त माळावरच्या लोकांना आहे. शहरातून गेलेल्या आपल्यालाच ती नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरट्याजवळ थोडा वेळ थांबलं तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी एप्रिलच्या उन्हाची आठवण देते. अंड्यांवर बसलेला पक्षी अंडी उबवतोय, म्हणजे त्यांना ऊब देतोय, असं आपण धरून चालतो. उघड्या माळावर दुपारी तो नेमकं उलटं करत असतो. अंड्यांवर सावली धरून उभा असतो. टिटव्या तर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात, आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवतात. नर आणि मादी पाळीपाळीने हे करतात, त्यात खंड पडून चालत नाही. आपण जवळ गेलो, ती उठली, ओरडत घिरट्या घालत राहिली आणि आपण ‘ॲक्शन शॉट’ काढत राहिलो, तर तेवढा वेळ अंडी भाजणाऱ्या जमिनीवर उघडी पडतात. अंड्याला बाहेरून काहीच होत नाही, आतला जीव मरतो. आपण समाधानाने घरी येतो. ती मेलेल्या अंड्यांवर पुढेही बसून राहते.

झाडांवरच्या घरट्यांचं वेगळंच दुखणं. आडवी येणारी पानं बाजूला बांधायची, एखादी डहाळी मोडायची, म्हणजे फ्रेम स्वच्छ मिळते. पण टकाचोर, भारद्वाज आणि कावळे दिवसभर अशाच उघड्या पडलेल्या घरट्यांच्या शोधात असतात. पक्षिणीने जे पान बघून जागा निवडलेली असते तेच पान आपण काढून टाकतो.

पक्ष्यांना आपली नजरही कळते, याचा पुरावा तर पुण्यातच मिळालेला आहे. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वेडा राघू मातीच्या उतारात बीळ खोदून त्यात अंडी घालतो. माणूस बिळापासून तितक्याच अंतरावर उभा असला, तरी त्याला बिळाचं तोंड दिसतंय की नाही यावर राघूचं वागणं बदलतं, असं या अभ्यासात दिसलं. दिसत असेल तर तो बिळात शिरायला कचरतो. याचा अर्थ लावून बघा. चोचीत चतुर धरून तारेवर बसलेल्या राघूचा जो फोटो आपण कौतुकाने टाकतो, त्यातल्या किती फोटोंत तो फक्त आपण तिथून जायची वाट बघत असेल? आत पिल्लं उपाशी असतात. चोचीत भक्ष्य धरून पक्षी बराच वेळ एकाच जागी थांबला, इकडेतिकडे मान वळवत राहिला, की जवळ घरटं आहे असं समजावं आणि निघावं. हे मी माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते.

स्पीकरवर आवाज वाजवण्याबद्दलही बोललं पाहिजे. मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या सरींच्या सुमारास नवरंग नावाचा रंगीबेरंगी पक्षी आपल्याकडच्या झाडीत येतो आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालायला लागतो. त्याला मोकळ्यावर आणायला खिशातल्या छोट्या स्पीकरवर त्याचीच शीळ लावतात. नर ती ऐकून धावत येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं त्याला वाटतं. खरा प्रतिस्पर्धी असता तर तो हरला किंवा जिंकला असता, काहीतरी निकाल लागला असता. इथे निकालच लागत नाही. एक गट जातो, दुसरा येतो, पुन्हा तीच शीळ. जोडीदार शोधण्याचा, घरटं बांधण्याचा वेळ तो न दिसणाऱ्या शत्रूशी भांडण्यात घालवतो. मला हे क्रूर वाटतं, आणि हा शब्द मी विचार करून वापरतेय.

‘फोटोंमुळेच लोकांना पक्ष्यांची गोडी लागते’ हे मला मान्य आहे. मलाही फोटोंनीच लावली. पण गोडी लावायला घरटंच कशाला हवं? पळसावरच्या परागांनी माखलेल्या मैनेच्या फोटोत झाड येतं, ऋतू येतो, पक्षी आणि फुलाचं नातं येतं. संशोधकांना विणीच्या नोंदी हव्या असतात हेही खरं, पण त्यासाठी त्यांची शिस्त असते, वनविभागाच्या परवानग्या असतात, घरट्याजवळ किती वेळ थांबायचं याची बंधनं असतात. आपण रविवारी हौसेने काढलेले पाचशे फोटो त्यात मोडत नाहीत.

कायद्याचंही लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हातात असायलाच हवी असं नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि पक्षीगट चालवणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. घरट्याचे, अंड्यांचे, पिल्लांना भरवतानाचे फोटो स्वीकारू नका. काही गटांनी हा नियम केव्हाच केलाय आणि तो नीट चालतोय. बक्षीस थांबलं, लाईक थांबले की अर्धी गर्दी आपोआप ओसरेल. आणि आपण बाकीच्यांनीही असा फोटो दिसला तर शेअर करू नये. टाकणाऱ्याला मेसेज करून शांतपणे सांगावं, चारचौघांत पाणउतारा करू नये. मी ज्यांना असं सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी ऐकलंय. कोणी रागावलं तरी हरकत नाही, मी सांगत राहणार आहे.

येत्या रविवारी मी सासवडच्या बाजूला जाणार आहे, पळस अजून भरात आहेत आणि पळसमैना आहेत तोवरच बघून घ्यायच्यात. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. पहाटे पाचला निघू. पाणी जास्त घ्या, टोपी घ्या, स्पीकर आणू नका. गाडी रस्त्यावरच लावायची आणि पुढे चालत जायचं.